दुपारच्या खेळाला मीरा

ठरलेलं लग्न नवऱ्या मुलाने मोडल्यापासून माझी धाकटी बहीण मीरा घराबाहेर पडलीच नव्हती. परवा दुपारी मी तिला ओढूनच सिनेमाला नेलं. त्यातली नायिका प्रियकर सोडून गेल्यावर, आईला रडणं कळू नये म्हणून कांदे चिरत बसते आणि घरच्यांना रोज कांदाभजी खावी लागते. सगळे हसले. मीराही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. शेजारच्या अनोळखी बाईंनी पॉपकॉर्नचा पुडा तिच्यापुढे धरला.

"घे गं. मीपण पुष्कळ कांदे चिरलेत."

आपल्या दुःखावर हसू येतं ते दुःख संपलं म्हणून नसावं. ते आणखी कुणाचंतरी असतं हे कळल्यामुळे असावं.

बाहेर आल्यावर मीरा म्हणाली, "ताई, कुठेतरी चहा घेऊ. घरी जायची घाई नाहीये मला."