भाषण आणि मत

माझे सासरे राज्यसभेचे खासदार होते. साताऱ्यात लोक त्यांना वकीलसाहेब म्हणत, घरात आम्ही मामंजी म्हणायचो. उसाच्या पट्ट्यातल्या गावातून आलेला माणूस. जिल्हा कोर्टात नाव कमावलं, मग सत्ताधारी पक्षानं दिल्लीला पाठवलं. घटनेवर चर्चा असली की पक्षाचे लोक त्यांनाच उभं करत. शांत आवाजात, कलमाकलमानं बोलत.

माझं माहेर कवठे महांकाळचं. थोरला भाऊ सांगलीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. आणीबाणी लागली आणि पंधरवड्याच्या आतच दादाला वर्ग चालू असताना बाहेर बोलावलं, तिथूनच नेलं. मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायच्या कायद्याखाली. त्यानं काय केलं होतं हे कुणी सांगेना, आणि विचारायचं कुणाला हेही कळेना. कोर्टात जायची सोय उरली नव्हती.

चार दिवसांनी आई एसटीनं साताऱ्याला आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती लेकीच्या सासरी न बोलावता आली होती. डोईवरचा पदर सारखा करून ती मामंजींच्या समोर जमिनीवर बसली. मामंजी खुर्चीवरून उठले आणि तेही खाली बसले.

"आवं पावणं," आई म्हणाली, "तुमी दिल्लीला बसताय. तुमच्या शब्दानं माझं पोरगं सुटंल का न्हाई?"

मामंजी म्हणाले, "सुटेल. पण त्याच्याकडून लिहून घेतील, माझं चुकलं म्हणून. तो लिहून देईल का?"

"न्हाई द्यायचा."

"मग मी काय करू, सांगा."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. "मग तुमी तरी तितं कशापायी बसताय?"

ती जेवायला थांबली नाही. मी तिला स्टँडवर सोडून परत आले तेव्हा मामंजी तिथंच जमिनीवर बसलेले होते.

पुढच्या वर्षी ती मोठी घटनादुरुस्ती आली. संसदेला घटना हवी तशी बदलता यावी आणि त्यावर कोर्टानं प्रश्न विचारू नये, असा तिचा रोख होता. मामंजी दिल्लीला निघायच्या आधी आठवडाभर घरात त्याच विचारात. माझे यजमान कारखान्यात पाळीवर गेलेले असले की मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसत आणि मला समजावून सांगत. मला वाटतं, ते स्वतःलाच सांगत होते.

"बदलायचा अधिकार संसदेला आहेच," ते म्हणायचे. "पण घर दुरुस्त करायला दिलं म्हणून कुणी पायाच उपटू लागला तर? आणि वर म्हणाला, विचारायचं नाही?"

"हे तुम्ही तिथं बोलणार?"

"बोलणार."

"चालेल त्यांना?"

"नाही चालणार."

ते बोलले. पण पेपरात त्याचं एक अक्षर आलं नाही. विधेयक प्रचंड बहुमतानं मंजूर झालं, एवढीच बातमी आली. काय झालं ते आम्हाला मामंजी परत आल्यावरच कळलं. दुपारी पाटावर बसले, मी वाढत होते.

"म्हटलं, आज बहुमत आपलं आहे म्हणून हा अधिकार गोड लागतोय. उद्या तो दुसऱ्याच्या हातात जाईल, तेव्हा कुठल्या कोर्टाचं दार वाजवणार? ते तर आपणच बंद केलेलं असेल. आणि म्हटलं, माणसाला उचलून न्यायचं आणि त्याच्या आईनं का म्हणून विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, हे ज्या घटनेत बसतं ती आपण केलेली घटना नव्हे."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. "मग? सभागृह काय म्हणालं?"

"कुणी काही म्हणालं नाही. बाहेर आल्यावर दोघांनी नुसता हात दाबला."

"आणि मत?"

ते ताटाकडं बघत राहिले. "मत बाजूनं दिलं."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"पक्षाचा आदेश होता," ते म्हणाले. आणि मग, हळू आवाजात, "भ्यालो, पोरी."

मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. शेकडो माणसं गप्प बसली होती तिथं हा माणूस उभा राहिला होता. आणि तोच माणूस शेवटी इतरांसारखाच वागला होता. मी भाकरी वाढली. त्यांनी ती खाल्ली नाही.

निवडणुका झाल्या, सरकार बदललं, दादा सुटून आला. केस पांढरे झाले होते. मामंजी म्हणाले, मला त्याला भेटायचंय. आम्ही दोघं सांगलीवरून कवठे महांकाळला गेलो. दादा अंगणात बाजेवर बसला होता. त्यानं नमस्कार केला, आईनं पाणी आणलं. मामंजींनी भाषणाचं सांगितलं, मग मताचंही सांगितलं. काही लपवलं नाही.

दादानं शांतपणे ऐकून घेतलं. "वकीलसाहेब, हे मला सांगून काय उपयोग? मी काय सभागृह आहे? जिथं हात वर केलात तिथं सांगा."

आई मधे पडली, "आरं, मोठ्या माणसाला असं..." पण मामंजींनीच तिला हातानं थांबवलं.

वर्षभरानं जुनी दुरुस्ती मोडून काढणारं विधेयक राज्यसभेत आलं. मामंजींचा पक्ष आता विरोधात होता आणि त्यातल्या बऱ्याच कलमांना त्याचा विरोध होता. मामंजी उभे राहिले आणि म्हणाले, मागच्या वेळी मी बोललो एक आणि मत दिलं दुसरं. त्या मताची मला लाज वाटते. आज मी बोलेन तसंच मत देईन. या वेळी पेपरात चार ओळी आल्या. पक्षातल्या लोकांनी त्यांच्याकडं येणं बंद केलं आणि मुदत संपल्यावर त्यांना पुन्हा कुणी विचारलं नाही. ते पुन्हा वकिलीसाठी कोर्टात जाऊ लागले.

विधेयक आलं त्याच वर्षीच्या दिवाळीत दादा भाऊबीजेला साताऱ्याला आला. सुटल्यापासून पहिल्यांदाच. ओवाळून झाल्यावर तो मामंजींच्या खोलीत गेला. मला वाटलं, आता समेट होईल, डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तसलं काही झालं नाही. थोड्या वेळानं आतून चढे आवाज येऊ लागले. नव्या दुरुस्तीत आणीबाणीचा अधिकार ठेवलाच कशाला, असं दादा म्हणत होता, आणि युद्ध आलं तर काय करशील, असं मामंजी विचारत होते. दोघांपैकी कुणीही माघार घेईना. मी दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा मात्र मारली नाही, ताटं झाकून ठेवली आणि दारापाशी ऐकत बसले.