टीव्हीच्या डाव्या कडेची बाई

सोहनबाईंना टीव्ही नकोच होता. पण झुंबरलालांनी एकदा मनावर घेतलं की त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. शहाद्याच्या बाजारात चाळीस वर्षं कापडाचे तागे उलगडलेल्या या माणसाला शौक एकच, सिनेमाचा, आणि तोही रुंद पडद्याच्या. पूर्वीच्या डबा टीव्हीवर असल्या सिनेमाच्या दोन्ही कडा कापल्या जात. हिरो बोलतोय, आणि ज्याच्याशी बोलतोय तो पडद्यातच नाही, नुसता आवाज. त्या कापल्या गेलेल्या माणसांची हळहळ झुंबरलाल अजून करत. आता दुकान मुलाच्या हाती गेलं होतं, दुपार मोकळी होती, आणि परवडेल असा मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं होतं.

"प्रियलनी माय, चाल. तुन्हा बिगर मी लेवाव नही," ते म्हणाले. लेक प्रियल सुरतेला नांदत होती, पण बायकोला हाक मात्र अजून लेकीच्या नावानेच.

सोहनबाई निघाल्या. पायरी उतरताना त्यांनी आधी मान वळवून डावीकडे बघितलं, मगच पाय टाकला. महिनाभर त्या असंच करत होत्या. कारण डाव्या बाजूने गोष्टी अचानक उगवायला लागल्या होत्या. मोटारसायकल आधी दिसायची नाही, एकदम कानाशीच यायची. दाराची चौकट खांद्याला लागायची. आणि परवा मुगाच्या ताटात जिवंत किडा राहिला. जीवहत्या नको म्हणून दाणा न् दाणा पारखणारं हे जैन घर, आणि पारखण्याचं काम सोहनबाईंचं, लग्न होऊन आल्यापासूनचं. किडा सुनेला दिसला. जियाने तो अलगद कागदावर घेऊन अंगणात सोडला आणि गोड आवाजात म्हणाली, "आई, उद्यापासून धान्य मी बघत जाईन." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दोंडाईच्याच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. काचबिंदू. "आधी आल्या असत्या तर," डॉक्टर म्हणाले होते. आता ताटाची एक बाजू तिला दिसत नसे, ताट दुसऱ्या कुणाला तरी फिरवून द्यावं लागे. सोहनबाईंनी हे कुणाशी बोलायचं टाळलं होतं. बोललं की ते खरं होईल, असं काहीतरी मनात बसलं होतं.

टीव्हीचं दुकान भूपेशचं. पोरगा हुशार, तोंडाचा गोड. त्याने आधी बत्तीस इंची लावला. रुंद सिनेमातला एक प्रसंग: मोठी नदी, उजव्या टोकाला नाव वल्हवणारा नावाडी, डाव्या टोकाला काठावर उभी एक बाई, हात वर केलेली.

"देखं काकू, वर-खाले काय्या पट्ट्या येतीनच. सिनेमाच तेवढा लांबडा शे," पडद्यावरच्या काळ्या पट्ट्यांकडे बोट दाखवत भूपेश म्हणाला.

"हाई चित्र शे का नाडी?" झुंबरलाल म्हणाले. "पायजम्याले लावू का हाई?"

सगळे हसले. मग भूपेशने तोच प्रसंग शेजारच्या त्रेचाळीस इंचीवर लावला. नदी केवढी तरी पसरली. पाण्यावरचं ऊन खरं वाटावं इतकं लखलखलं. सोहनबाई नावाड्याकडे बघत राहिल्या. त्याने वल्हं थांबवलं, कुणाकडे तरी बघून मान हलवली.

"ती बाई कशी उभी शे, देखी का?" झुंबरलाल खुशीत म्हणाले.

"कोठे शे बाई?" सोहनबाईंनी विचारलं, आणि लगेच ठसक्यात म्हणाल्या, "हाऊ टीव्ही कडा कापस, भूपेश. आपला जुना डबा कापे तसाच. बारक्यामा बाई होती."

झुंबरलाल चमकले. कडा कापणारा टीव्ही! भूपेशने रिमोट घेतला, चित्राच्या आकाराची यादी उघडली, दोनदा तपासली. "नही काकू. पुरं चित्र शे. हाई देखा ना." त्याने काचेवर डाव्या कोपऱ्यात बोट टेकवलं.

सोहनबाईंची नजर बोटाच्या मागे गेली. बाई होती. हात वर करून, तिथेच, पहिल्यापासून.

पण आता नावाडी नव्हता.

त्यांनी नजर उजवीकडे नेली. नावाडी आला, बाई गेली. पुन्हा डावीकडे. बाई आली. दोघं एकदम काही येईनात. दुकानात पंखे फिरत होते, तरी त्यांच्या पाठीवरून घामाची धार उतरली.

"बारकाच लेवा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "घर बारकं, टीव्ही बारका."

"अवं, पण नऊ फुटांवर आपला पलंग. खालची अक्षरं मुंगीएवढी दिसतीन," झुंबरलाल म्हणाले. "अन् मोठा तर सवलतीमा शे."

सोहनबाई पुन्हा बारक्या टीव्हीकडे वळल्या. बारका घेतला तर सगळं नजरेत मावेल. कुणाला कळणार नाही. सहा महिने, कदाचित वर्ष. मग त्यातलीही बाई जाईल. मग याहून बारका कुठला आणायचा?

"अहो," त्यांनी नवऱ्याची बाही धरली. "टीव्ही कापत नही. माले डावा आंगनं दिखत नही. महिना व्हयना."

झुंबरलालांच्या चेहऱ्यावरचं हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून तेवढं गेलं. "अन् माले आज सांगस?" एवढंच ते म्हणाले. मग भूपेशला खूण केली. दोन्ही पडदे विझले. बाहेर पडताना ते सोहनबाईंच्या डाव्या बाजूला आले. त्यांना ते दिसले नाहीत, दंडावर घट्ट बसलेला हात तेवढा कळला.

दोन दिवसांनी नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोहनबाईंनी एका पांढऱ्या, खोलगट यंत्रात हनुवटी टेकवली. हातात बटण दिलं होतं. तपासणी करणारी मुलगी समजावत होती, "समोरच्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही बारीक उजेड दिसला की दाबायचं. नाही दिसला तर दाबायचं नाही."

एक उजेड दिसला. दाबलं. दुसरा. दाबलं. मग यंत्र नुसतंच घुरघुरत राहिलं. ठिपके कुठेतरी उमटत असणार, त्यांच्या डाव्या अंगाला, एकामागून एक. अंदाजाने दाबता आलं असतं. अंगठा बटणावरच होता. मागे बाकावर झुंबरलाल खोकले.

सोहनबाईंनी अंगठा वर उचलून धरला, आणि पिवळ्या ठिपक्याकडे बघत पुढच्या उजेडाची वाट पाहत राहिल्या.