गौराक्काची करेव्वा

गौराक्का माणसांशी मराठीत बोलायची आणि म्हशीशी कानडीत. गल्लीत कानडी येणारी माणसं नव्हती असं नाही, पण त्यांच्याशीही ती मराठीच बोले. पुढे ओळख झाल्यावर मी कारण विचारलं, तर म्हणाली, "कानडी घरातली हाय. घरात आता करेव्वाच हाय की."

करेव्वा म्हणजे तिची म्हैस. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. राहत्या खोलीला लागून पत्र्याची शेड, आणि शेडीत ही एकच म्हैस. सकाळी गौराक्का करेव्वाला काथ्यानं घासून अंघोळ घाली. मग स्वतः विभूती लावली की बोटांना उरलेली म्हशीच्या कपाळावर ओढी. दुपारी भाकरी खायला बसण्याआधी शेडीत डोकावून विचारी, "ऊटा आयता?" जेवण झालं का? म्हैस रवंथ करत असली की ते उत्तर मिळालं असं समजून ती आपल्या ताटाकडे वळे.

हे सगळं मला माझ्या खिडकीतून दिसायचं. एकोणीसशे सत्तरच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. मी अकलूजहून सोलापुरात शिक्षिका म्हणून आले होते आणि तिच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. शाळा सुटली की खोली, आणि खोलीतून पुन्हा शाळा. गल्लीतल्या बायका दुधासाठी तांब्या घेऊन गौराक्काकडे जात, तिथेच थोडा वेळ बोलत उभ्या राहत. मी चहा कोराच प्यायची, त्यामुळे मला तेही निमित्त नव्हतं. दोन वर्षांत माझ्या दारात शेजारचं कुणी आलं नाही, आणि मीही कुणाच्या दारात गेले नाही.

मग एका रविवारी पाच-सहा बायका एकदम आल्या. शेडीतलं शेणपाणी गल्लीभर वाहत होतं, डास झाले होते, आणि कोपऱ्यावरच्या घरातलं तान्हं बाळ आठवडाभर तापानं फणफणलं होतं. "बाई, तुमचं अक्षर छान आहे म्हणतात. महापालिकेला अर्ज लिहून द्या," त्या म्हणाल्या. मी सगळ्यांना बसायला सतरंजी घातली. कप पुरेनात म्हणून दोघींना पेल्यात चहा दिला. आणि झोकात अर्ज लिहिला. "दुर्गंधीने जीव नकोसा झाला आहे", "रोगराईला उघड आमंत्रण" अशी वाक्यं मी वाचून दाखवली, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं सांगत नाही, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. गौराक्काचं नाव लिहिताना माझा हात कुठेच अडला नाही.

महिन्याभरानं गौराक्का माझ्या दारात उभी राहिली. हातात घडी घातलेला कागद.

"बाई, तुमी शिकलेल्या. एवढं वाचा की."

नोटीस होती. भर वस्तीत विनापरवाना दुभतं जनावर ठेवल्याबद्दल खुलासा मागितला होता, आणि खाली माझंच वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं: रोगराईला उघड आमंत्रण. मी ते वाचलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"तक्रार कुणी केली ओ?"

"तसं यात लिहिलेलं नाही," मी म्हणाले. आणि खरोखरच त्यात लिहिलेलं नव्हतं.

"तर मग उत्तर तुमीच लिवा."

मी लिहिलं. पहिला अर्ज लिहिताना जेवढी मेहनत घेतली होती, तिच्या दुप्पट घेतली. एकटी बाई, एकच जनावर, दुसरा आधार नाही, स्वच्छतेची हमी देते. तिनं खाली अंगठा उठवला. सुनावणीच्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तिच्याबरोबर कचेरीत गेले.

तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी गौराक्काला खुर्ची दिली, नियम समजावून सांगितला. वस्तीत म्हैस ठेवायला परवाना लागतो. परवान्यासाठी गोठ्याला फरशी हवी, सांडपाण्याला मोरी हवी, आणि शेजारच्या घरापासून गोठा ठरलेल्या अंतरावर हवा.

"फरशी घालते," गौराक्का म्हणाली. "मोरी काढते. अंतर कुटनं आणू?"

साहेबांनी फाइल उघडून गल्लीचा अर्ज काढला, शेजारी आमचा खुलासा ठेवला. एक वाचला, दुसरा वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. गौराक्काही टेबलावर वाकली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण दोन्ही कागदांवरच्या ओळी ती बराच वेळ बघत राहिली.

"सारखंच दिसतंय की," ती हळूच म्हणाली.

महिन्याच्या आत म्हैस शहराच्या हद्दीबाहेर न्यावी असा हुकूम झाला. नियमाप्रमाणे दुसरं काही होण्यासारखं नव्हतंच. आम्ही दोघी चालत परत निघालो. निम्म्या वाटेत ती थांबली.

"पयल्या कागदात काय लिवलं हाय, ते तू सांगितलं न्हाईस."

तोवर ती मला अहोजाहो करायची. ते अहोजाहो तिथं रस्त्यात संपलं. माझी पायरी उतरली की मी घरची झाले, ते मला आजवर कळलेलं नाही. भर रस्त्यात मी तिला तो अर्ज तोंडपाठ म्हणून दाखवला, एकही शब्द न गाळता. तिनं सगळा ऐकून घेतला.

"घाण व्हतीच की," ती म्हणाली. "पर येऊन सांगायचं व्हतं. सगळी गल्ली धुतली असती मी."

मंद्रूपला तिचा पुतण्या शेती करत होता. ती करेव्वाला घेऊन पहाटेच पायी निघाली. दुसऱ्या दिवशी एसटीनं एकटीच परत आली आणि रिकामी शेड धुऊन काढली. पुढेही रोज धूत राहिली. गल्ली कोरडी झाली, बाळही बरं झालं. बायका म्हणत, किती स्वच्छ वाटतं आता. त्या दुसरीकडून दूध घेऊ लागल्या आणि गौराक्काच्या दारात कुणी थांबेनासं झालं. शाळेतून येऊन मीच तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसू लागले. आम्ही फारसं बोलत नव्हतो. कधी ती शेडीकडे तोंड करून काही तरी पुटपुटे आणि मध्येच गप्प होई.

माझ्याकडून ती पुतण्याला कार्डं लिहून घ्यायची. मजकूर ठरलेला: करेव्वा खाते का, पाणी कुठलं पाजता, तिला शिंगाच्या मुळाशी खाजवावं लागतं. तीन कार्डांना उत्तर आलं नाही. चौथ्याला आलं. मी ते आधी मनात वाचलं. वैरणीची टंचाई पडली म्हणून पुतण्यानं म्हैस मंद्रूपच्या बाजारात विकली होती. घेणारा कुठल्या गावचा, हेही त्यानं विचारलं नव्हतं.

गौराक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. "बरी आहे" एवढं म्हटलं असतं तर पुढचं सारं टळलं असतं. मी कार्ड होतं तसं वाचलं.

ती उठली, चुलीपाशी गेली, विस्तव नसताना थोडा वेळ फुंकत बसली. मग तिकडूनच म्हणाली, "ह्या वेळंला सांगितलंस."

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली केमला झाली. स्टँडवर मला पोचवायला गल्लीतून एकटी गौराक्का आली. ट्रंक तिनंच वर चढवायला लावली. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा तिनं माझे दंड धरून मला उभं केलं.

"तितं गेल्यावर शेजाऱ्यांकडं आधी आपण जावं," ती म्हणाली. "कोण येतंय का म्हणून बसू नये. समोर राहून दोन वर्सं मी बी तुज्याकडं आले न्हाई. लई एकटी व्हतीस तू."

ती "जा, जागा धर" म्हणाली आणि गाडी सुटायची वाट न बघता वळली. मी खिडकीतून बघत राहिले. ती घराच्या वाटेला लागली नाही. दोन गाड्या सोडून मंद्रूपची एसटी उभी होती, बाजारकरी टोपल्या घेऊन चढत होते. गौराक्कानं पदर खोचला आणि ती त्या गर्दीत शिरली.