डावी बाही

मास्तर गिऱ्हाइकाला सरळ उभं करून माप घेत नसत. टेप गळ्यातच राहायची आणि पहिला प्रश्न यायचा, "काय ऐकतोस?" शाहूपुरीतल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात नवा माणूस इथेच गांगरायचा. गझल म्हणालात की ते तुम्हाला भिंतीला टेकून बसवणार आणि तसंच माप घेणार. "उभा माणूस फोटोत असतोय. शर्ट गाणं ऐकताना अंगाला लागाय पायजे," असं त्यांचं म्हणणं.

तालमीतला हलगीवाला आला तर त्याला दारात हलगी वाजवायला लावत आणि हात कुठवर जातो ते बघून बगलेत जादा कापडाची कळी घालत. एका बँकेतल्या साहेबांनी "मी काहीच ऐकत नाही" म्हटलं, तर "मग रेडिमेड घ्या की पावणं," म्हणून त्यांना वाटेला लावलं. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख मास्तरांना कधी झालेलं मी पाहिलं नाही.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, त्यांचे जुने गिऱ्हाईक. गडमुडशिंगीत आमच्या वस्तीत आबांची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला ते भीमगीतं गात आणि पेटीही स्वतःच वाजवत. मास्तर त्यांच्या पांढऱ्या शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा इंचभर लांब ठेवायचे, कारण डावा हात भात्यावर गेला की बाही वर सरकते. पण आबा उभे राहिले की ती पंजावर लोंबायची. एकदा माझ्या कॉलेजातल्या मित्राने ते पाहून विचारलं, "शर्ट उसना आणलाय काय रं?" मी हसलो. आबांना ऐकू गेलं होतं.

त्याच वर्षी गॅदरिंगसाठी पॅन्ट शिवायला मी मास्तरांकडे गेलो. काय ऐकतोस म्हटल्यावर मी ठोकून दिलं, "इंग्लिश." माझ्याकडे एकच कॅसेट होती, तीही मागून आणलेली. मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. "बरं. नाचून दाखव." मी जमेल तसे हातपाय झाडले. आठवड्याने काळी, घट्ट, सहा चेनींची पॅन्ट मिळाली. गॅदरिंगला पोरांनी मला स्टेजवर ढकललं, इंग्लिश गाणं सुरू झालं आणि माझे पाय त्याच्यावर आबांच्या पार्टीतल्या ढोलकीचा ठेका धरू लागले. सगळा हॉल हसला.

दुसऱ्या दिवशी मी भांडायला गेलो. पॅन्ट बसत नाही म्हणालो.

"पॅन्ट बरोबर हाय," मास्तर म्हणाले. "तू सांगितलंस ते शिवलं. बापाचं गाणं लपवून माप द्यायला आलतास व्हय?"

मला भयंकर राग आला, कारण ते खरं होतं. त्यानंतर आठ-दहा वर्षं मी रेडिमेडच घातलं आणि लहानपणी आबांनी शिकवलेल्या पेटीला हात लावला नाही.

आबा गेले तेव्हा पार्टीच्या लोकांनी पेटी माझ्यासमोर आणून ठेवली. "जयंतीला तू बसायचं," म्हणाले. मी सरावाला बसलो. गाणी सगळी बोटांत होती. फक्त भाता ओढला की रेडिमेडची डावी बाही कोपराकडे चढायची.

मी मास्तरांकडे गेलो. आजूबाजूला शोरूम झाली होती आणि ते आता जुन्या कपड्यांचं अल्टरच करत. या खेपेला त्यांनी प्रश्न विचारलाच नाही. "बस," एवढंच म्हणाले. मी कटिंगच्या टेबलावर मांडी घातली आणि समोर पेटी असल्यासारखे हात धरले. मास्तरांनी डाव्या हाताला टेप लावली.

"आबापरीस तुझा हात लांब हाय. सव्वा इंच सोडाय लागंल."

मला रडू आलं. त्यांनी टेप काढली नाही, तशीच धरून उभे राहिले.

मास्तर आता नाहीत. त्यांनी तेव्हा शिवून दिलेला शर्ट मी ऑफिसलाही घालतो. बाही लोंबताना बघून कुणीतरी विचारतंच, शर्ट उसना आहे का. हो, वडिलांकडून आणलाय, म्हणून सांगतो.