खेळातल्या आजीचं शेवटचं बोलणं

अकोल्याच्या प्रीतमला जपानी कुणी शिकवलं नाही. तो शाळेत असताना मामाने हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम आणून दिला. सुरू केला तर आत सगळं जपानी! दुसरा असता तर फेकून देऊन क्रिकेट खेळायला गेला असता. हा पठ्ठ्या इंटरनेटवरून ती भाषाच शिकला. आता पातूरच्या शाळेत गणित शिकवतो, आणि एसटीने घरी आला की त्याच गेमचं मराठी करत बसतो. पैसा नाही, नाव नाही. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

गेममध्ये एक आजी आहे. नायक गावात परतला की ही दारात उभी. मूळ जपानीत ती फार अदबीनं बोलते. प्रीतमने तिच्या तोंडी सरळ आपल्या आईची, केशरबाईंची वऱ्हाडी भाषा घातली: "आला का? कोठी उंडारत होता? आंधी जेव!" खेळून बघणाऱ्या पुण्याच्या मित्राने विचारलं, "ही आजी चिडली आहे का रे?" प्रीतमने काना-मात्राही बदलली नाही.

तिथेच तो फसला. कारण शेवटी ही आजी मरते. बाकी सगळा गेम मराठीत झाला, मराठी गेमची वाट बघणारे वाट बघून थकले, पण तेवढा एक संवाद त्याच्याने लिहवेना. संवादाच्या चौकटीत शब्द मावत नाहीत, असं तो सगळ्यांना सांगे. शुद्ध थाप.

एका रविवारी केशरबाईंनीच चष्मा लावून पडदा वाचला.

"हे तं मीच आहो," त्या म्हणाल्या. "मंग पुढचं काहून नाही लिहून राहिला?"

"पुढं ती मरते ना, आई."

"मंग मरू दे! तिले का अमरपट्टा हाये?" त्या हसल्या, आणि मग पडद्यावरच्या आजीकडे बघत म्हणाल्या, "तुहे बाबा दवाखान्यात आयसीयूच्या काचेमागं गेले. एक शब्द नाही बोलले. हिले तरी बोलू दे."

प्रीतमने कीबोर्ड पुढे ओढला. "काय बोलू दे?"

मूळ जपानीत तिथे झडत्या पानांवर लांबलचक भाषण होतं. केशरबाईंनी शेजारी जाताना सांगावं तशा सुरात सांगितलं, "लिही. वरण झाकून ठेवलं हाये. जेवून घेजो. मी चालली."

प्रीतमने लिहिलं. केशरबाईंनी ते पडद्यावर वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पदराने डोळे पुसले.

"एवढं तरी बोलाले पायजे होतं त्याईनं."