डोमाजीनं पारखलेला कॅमेरा

बेला आणि आसपासच्या गावांत कुणाला बैलजोडी घ्यायची झाली, की आधी डोमाजीला गाठावं लागे. माणूस उंच, किडकिडीत, डोक्याला सदा दुपट्टा गुंडाळलेला. स्वतः लग्नाच्या भानगडीत पडला नाही. थोरले भाऊ भगवानराव, वहिनी आशाबाई आणि पुतणी रेणुका, एवढाच त्याचा गोतावळा. बैलाचे दात बघायचे, डोळ्यांत जाळं आहे का बघायचं, आणि चाक बांधलेली गाडी ओढून दाखवल्याशिवाय हो म्हणायचं नाही, असा त्याचा खाक्या. विकणारा वैतागला तरी हा ढिम्म.

एकोणनव्वद साली रेणुकाचं लग्न ठरलं, पैनगंगेपल्याड. पोरगी काकाची भारी लाडकी. तिनं एकच हट्ट धरला.

"काका, माह्या लग्नाचे फोटो पाह्यजेत. तिकडं गेल्यावर घरची तोंडं आठवली त मी काय पाहू?"

आता त्या तिथीला आदिलाबादचा एकही फोटोवाला मोकळा नाही. दुसरा कुणी असता तर हात हलवत परत आला असता. डोमाजी मात्र पांडुरंगरावांच्या दुकानात जाऊन बसला. पांडुरंगराव म्हातारे फोटोवाले. धंदा आवरून कॅमेरा विकायला काढलेला.

"काऊन इकून राह्यले? काही खोड हाय का त्याले?" डोमाजीनं बैलबाजारातला पहिला प्रश्न टाकला.

"माझे डोळे गेले, बाप्पा. त्याचे शाबूत आहेत."

असं सांगण्यावर विश्वास ठेवील तो डोमाजी कसला. त्यानं कॅमेरा चहूबाजूंनी फिरवला. कुठं आपटल्याची खूण नव्हती. कानाशी धरून हलवला. आत काही खुळखुळलं नाही. सेलची जागा उघडून गंज शोधला. बटण दाबून दाबून खटका ऐकला, हळू चालीचा वेगळा, जलद चालीचा वेगळा. मग मागचं झाकण उघडलं, कॅमेरा उजेडाकडं धरला आणि भिंगात बुरशीचं जाळं आहे का ते एक डोळा मिटून बघितलं. पांडुरंगराव हसून बेजार.

"डोमाजी, बैल घेता की कॅमेरा?"

"दोन्ही आंधळे निघाले त घरीच बांधून ठेवा लागते. आता वाहून दाखवा."

म्हणजे काय, तर एक रोल काढून, धुऊन दाखवा. दाखवला. फोटो लख्ख आले, तेव्हा कुठं सौदा झाला. निघताना पांडुरंगरावांनी रोल भरायला शिकवलं आणि सांगितलं, "ऊन नेहमी पाठीवर घ्या."

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यानं नवा रोल भरला आणि थेट गोठा गाठला. नवी वस्तू आली की पहिला मान बैलांचा, हा त्याचा नेम. रेणुका हळदीच्या अंगानं लाल्या आणि बांड्याला सरकी चारत होती. तेवढ्यात आशाबाई हातात झारा घेऊनच बाहेर आल्या.

"भावजी, लगन पोरीचं हाय का बैलाचं?"

मागं दारात भगवानराव पोट धरून हसले. डोमाजीनं पाठीवर ऊन घेतलं आणि खटका दाबला.

मग दिवसभर त्यानं नुसती धमाल उडवली. अंतरपाट, अक्षता, पंगत, रुसलेली करवली, काही सोडलं नाही. संध्याकाळच्या आधी रोल संपला. तो उलटा फिरवून परत डबीत गुंडाळून घ्यायचा तेवढा राहिला. त्याच वेळी नवरदेवाचे वडील यशवंतराव शेजारी येऊन टेकले. तेही पक्के बैलवाले.

"इवाईबुवा, जुना कॅमेरा म्हंता. पारखला कसा तुमी?"

झालं. असा प्रश्न कुणी विचारला की डोमाजीला जग दिसेनासं होई. त्यानं कानाशी हलवून दाखवला, खटका ऐकवला, आणि "मुख्य म्हणजे हे पाहा" म्हणत भर उन्हात मागचं झाकण सताड उघडलं. व्याही मान डोलावत राहिले. रोलवर ऊन पडत राहिलं.

पांडुरंगरावांनी रोल धुऊन उजेडाकडं धरला. पट्टी काळी ठिक्कर पडली होती. पोरीनं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि ती आपण आपल्याच फुशारकीनं घालवली, या विचारानं डोमाजीला रडू फुटलं.

"थांबा," पांडुरंगराव पट्टीचं टोक डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "अगदी पहिला फोटो सगळ्यांत आतल्या वेढ्यात होता. तो वाचला."

तो एकच फोटो घेऊन डोमाजी नदी ओलांडून पुतणीकडं गेला. सगळं खरं सांगून टाकलं आणि फोटो तिच्या हातात दिला. रेणुकानं फोटो बराच वेळ पाहिला. लाल्या, बांड्या, झारा उगारलेली आई, दारात हसणारे बाबा.

"घरची तोंडं त समदी हायत, काका."

"मी कुठं हाओ त्यात? बाकीचे फोटो असते त..."

"हे कोन मंग?"

तिनं बोट ठेवलं तिथं, अंगणाच्या मातीवर, एक उंच किडकिडीत सावली पडली होती. डोक्याला दुपट्टा, हात डोळ्यांशी. रेणुकानं फोटो चौकटीत बसवून देवळीशेजारी लावला. घरात कुणीही नवं आलं, की ती आधी त्या सावलीवर बोट ठेवून सांगायची, "हे माहे काका."