रेसवरचा पाय

आमची जुनी गाडी पळत असली की तिचा एसी गार हवा द्यायचा आणि सिग्नलला थांबलं की गरम. लाल दिवा लागला की मी गाडी न्यूट्रलला टाकून रेस देत बसायचो, म्हणजे जरा तरी गारवा टिकायचा. शेजारचे स्कूटरवाले वळून बघायचे. पुढेपुढे मी भाजी आणायलाही बायपासने जायला लागलो, कारण तिकडे सिग्नल नाहीत. "अहो, गॅरेजला दाखवा एकदाची," बायको पदराने वारा घेत म्हणायची. पण मला वेळ कुठे होता?

निवृत्त झाल्यापासून मला खरोखरच वेळ नसतो. बँक, बाजार, कुणाचा तरी साखरपुडा. फिरत असलो की बरं असतं. घरी खुर्चीत टेकलो की छातीत काहीतरी तापायला लागतं. मग उठून गाडीची किल्ली शोधतो.

काल एकदाची गाडी दाखवली. मेकॅनिक म्हणाला, "काका, एसीचा गॅस ठीक आहे. तो थंड करणारा पुढचा पंखा बंद पडलाय. गाडी पळते तेव्हा बाहेरच्या वाऱ्यावर भागतं. उभी राहिली की वारा कुठून येणार?" त्याने पंखा बदलून दिला.

परत येताना चौकात लाल दिवा लागला. उभ्या गाडीतही हवा गारच येत राहिली. शेजारी बसलेल्या बायकोने मान मागे टेकवून डोळे मिटले. इंजिन मात्र अजून गुरगुरत होतं.

"अहो," ती डोळे न उघडताच म्हणाली, "रेसवरचा पाय काढा. आपण थांबलोय."